ओटीतला हिरवा खण

फोनवरची बाई म्हणाली, "अभिनंदन सर, लकी ड्रॉमध्ये तुमचा नंबर लागलाय. मॅडमला आणि बँकेचं कार्ड घेऊन लातूरला हॉटेलवर या. जेवण आमच्याकडं." मी मुरुडला तीस वर्षं अडत केली. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची तूर बाहेर काढल्याशिवाय कधी भाव बोललो नाही. माझा नंबर लागला म्हणे! मी चिठ्ठी टाकलीच कुठं होती? आणि बायको सोबत पाहिजेच, बँकेचं कार्डही पाहिजे, हे कशाला? इथं पाणी मुरतंय, हे मला तेव्हाच कळलं.

पण बायको हट्टाला पेटली. "चौतीस वर्षांत देवाच्या भक्तनिवासाशिवाय कुठं राहिलो का आपण? बघून तर येऊ." तिचे गुडघे गेलेले. ऑपरेशनचे पैसे खात्यात तयार होते, दिवाळीनंतर करायचं ठरलं होतं. म्हणून मी दोन अटी घातल्या. एक, तिथं पाणीसुद्धा प्यायचं न्हाई. ज्याच्याकडं जेवलो त्याला तोंडावर नाही म्हणणं आमच्यात होत नाही, आणि हे त्या लबाडांना पक्कं ठाऊक असणार. दुसरी, कार्ड घरी राहील. आम्ही भाकरी खाऊनच निघालो.

हॉलमध्ये गाणी इतकी मोठ्यानं लावलेली, की शेजारच्या टेबलावरचं काही ऐकूच येऊ नये. टायवाला पोरगा अल्बम दाखवत होता. गोवा, केरळ, समुद्र. एकदाच पैसे भरून मेंबर व्हायचं, मग दरवर्षी सात दिवस तिथं राहायचं, पंचवीस वर्षं!

"कागद घरी नेतो, वाचतो, उद्या सांगतो," मी म्हटलं.

"सर, ऑफर आजच्यापुरतीच."

"का? उद्या समुद्र आटणार हाय का?"

पोरगं हसलं आणि पनीरचं ताट पुढं सरकवलं. मी ते परत सरकवलं. दोन तास हेच. पलीकडं कुणी सही केली की सगळे टाळ्या वाजवायचे. मला त्या टाळ्यांचाही संशय येत होता. शेवटी मी हिला उठवलं. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात काळा कोट घातलेली एक पोरगी आली. हिच्या कपाळावरची विभूती बघून वाकली आणि म्हणाली, "शरणार्थ, आई." आम्हा लिंगायतांचा नमस्कार! मग "आमच्याकडनं सवाष्ण रिकामी जात नाही" म्हणत तिनं हिला कुंकू लावलं, आणि तांदूळ, नारळ, हिरवा खण घालून ओटी भरली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आज सही झाली नाही तर माझी नोकरी जाते, आई."

आमची लेक लांब, वर्षातनं एकदा येणारी. ही विरघळली. "पदरात ओटी घेऊन नाही कसं म्हणू हो? करा की सही."

"कार्ड घरी हाय," मी दातओठ खात म्हटलं.

हिनं पर्समधनं कार्ड काढलं.

काय करता? भरल्या ओटीच्या बाईला चारचौघांत ओढत न्यायचं? सही केली मी, आणि ऑपरेशनचे पैसे कार्डावरनं गेले. मग आमच्यासाठीही टाळ्या वाजल्या.

त्याला दोन वर्षं होत आली. दिवाळीत फोन करा, खोल्या फुल. उन्हाळ्यात फुल. भर श्रावणात, कुत्रं फिरकत नाही तेव्हाही फुल. त्या पोरीचा नंबर बंद. पैसे परत मागितले तर म्हणे, कागद नीट वाचा. भांडून भांडून माझं तोंड दुखलं. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच.

मध्ये हिनं तो खण शिवायला नेला. टेलर म्हणाला, "काकू, कापड कमी हाय, ब्लाउज बसत न्हाई ह्यात." मला असा संताप आला! जन्मभर पोत्याचा तळ तपासला आणि एक खण उलगडून बघितला नाही. "फेक ते चिरगूट," मी ओरडलो.

तिनं फेकलं नाही. संध्याकाळी एरंडाचं पान गरम करते, गुडघ्यावर ठेवते आणि वरून तो खण गुंडाळते. "ती पोरगी खरंच रडत होती हो," असं अजून म्हणते. तिला वाकता येत नाही, म्हणून गाठ मी मारून देतो. तेवढ्याला ते कापड बरोबर पुरतं.