बिनदगडाचे साडू

आमच्या साडूंइतका दगडावर दात असलेला माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि आमच्या जिल्ह्यात दगडांना काही तोटा नाही! त्यांची सगळी हयात राजस्थानातल्या जस्ताच्या खाणीत, जमिनीखाली सुरुंग आखण्यात गेली. धातूच्या पट्ट्याबरोबर शेजारचा नुसता खडक फुटून आला, की तोही वर ओढा, दळा आणि फेकून द्या. म्हणून कडेच्या भोकांत सुरुंगाची दारू बेतानंच भरायची आणि ती भोकं सगळ्यात शेवटी उडवायची. म्हणजे धातू तेवढा सुटतो, खडकाची भिंत जागच्या जागी राहते. हे मला कसं ठाऊक? अहो, त्यांच्या लग्नाच्या पंगतीपासून ऐकतोय!

निवृत्त होऊन किहीमला आले ते ही विद्या घेऊनच. गेल्या मे महिन्यात फणस कापायचा होता. साध्या माणसानं हाताला तेल लावून विळी ओढली असती. यांनी खडूनं फणसावर रेघा आखल्या. आधी कुठून, मागून कुठून. आम्ही जेवणानंतर पानं मांडून ताटकळलो. एकाही गऱ्याला चोथा चिकटलेला नव्हता, हे कबूल. पण मिळाले चहाच्या वेळी!

खरा कहर बोलण्यात. कोणी काही सांगू लागलं, की यांचं सुरू, "यात धातू किती?" कोळीण दारात टोपली उतरवून सुनेचं गाऱ्हाणं सांगू लागली, तर म्हणाले, "पापलेट आहे की नाही, तेवढं बोल." ती टोपली उचलत म्हणाली, "शेट, तुमी मानूस हाय का तराजू?"

आणि बायको कोण? माझी धाकटी मेहुणी सुमन! जन्माची बडबडी. मीठ मागा, पेणच्या मिठागरापासून सुरुवात करील. तिचं प्रत्येक वाक्य हे मध्येच छाटायचे. हळूहळू ती मोजकंच बोलू लागली. "जेवण झालंय." "गॅस संपलाय." साडू खूश! "बघा, भेसळ कशी आटोक्यात आणली," मला म्हणाले. शहाणाच माणूस!

गणपतीनंतर चार दिवस म्हणून ती पुण्याला लेकीकडे गेली, ती दिवाळी उलटली तरी येईना. रोज नवऱ्याला फोन करी. "गोळ्या घेतल्या? बरं." संपलं.

परवा साडू दाढीचे खुंट वाढवून माझ्याकडे आले.

"ती तुमच्याशी बोलते का हो?"

"तासतासभर!"

"काय बोलते?"

मला त्यांचा राग होता, तरी त्यांना बसवून घेतलं. मी सुमनला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून मध्ये ठेवला. साडू शेजारी आहेत हे काही तिला सांगितलं नाही. तिनं सुरू केलं: लेकीच्या सोसायटीतली मांजर, मांजरीमागे धावताना लिफ्टमध्ये अडकलेली बाई, त्या बाईचा नवरा, त्याची सुटलेली नोकरी... आता हे तोडणार, असं मला क्षणाक्षणाला वाटत होतं. साडू मान खाली घालून ऐकत होते. ती दम घ्यायला थांबली, तेवढ्यात यांच्या तोंडून निघून गेलं, "मग? पुढे काय झालं?"

पलीकडून बारीक आवाज आला, "भावोजी, तुमच्याजवळ कोण बसलंय?"

"मीच आहे गं," साडू म्हणाले. "ती बाई सुटली का लिफ्टमधून?"