रिकामं धरण बरं

आमच्या घरामागे धरण आहे हे वस्तीतल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. त्यात त्यांचा दोष नाही. धरण म्हटलं की पाणी हवं. इथे फिनिक्सच्या कडेला, वाळवंटात, आमच्या छपरांमागे मातीचा एक लांबच लांब भराव होता, त्यावर खडी, खडीत काटेरी झुडपं आणि सकाळी कुत्री फिरवणारे लोक. घर दाखवणाऱ्या एजंटनं तर तो 'हिल व्ह्यू' म्हणून खपवला होता. बायको त्याच्याकडे बघून इतकं गोड हसली की मला त्या माणसाची दया आली. मातीच्या धरणांची तपासणी करणं हेच तिचं काम आहे आणि ही 'टेकडी' तिच्याच यादीत होती.

"अगं, धरणाच्या खाली घर घ्यायचं?" गाडीत बसल्यावर मी विचारलं.

"धरण नसतं तर हेच घर ओढ्यात असतं. ते चालेल तुला?"

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मान डोलावली. घर घेतलं.

हे धरण पाणी साठवायला नाहीच, हे मला तिनं जेवताना चमच्यानं ताटात आमटी अडवून समजावलं. उन्हाळा संपता संपता डोंगरावर धो धो पाऊस पडतो आणि तापून टणक झालेल्या जमिनीवरून सगळं पाणी खाली धावतं. भराव ते अडवतो, तळाच्या पाइपातून हळूहळू सोडतो आणि काही दिवसांत पुन्हा कोरडा ठणठणीत होतो. दुखणं एकच. वर्षानुवर्षं ऊन खाऊन माती तडकते. भेगेत पाणी शिरलं आणि जाताना माती सोबत घेऊन गेलं, की भेगेचं भगदाड व्हायला वेळ लागत नाही. म्हणून भरावाच्या मधोमध खोल चर खणून त्यात वाळू भरायचं काम चालू होतं. वाळू माती अडवते आणि पाणी तेवढं जाऊ देते. दोन वर्षांपूर्वीच्या त्या ऑगस्टात हे काम जवळजवळ पूर्ण झालं होतं. राहिला होता तो फक्त आमच्या गल्लीमागचा तुकडा. आमचं नशीब, दुसरं काय.

त्याच ऑगस्टात सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. त्या सोलापूरच्या. पावसाळ्यात सकाळी चहाच्या आधी त्यांना उजनी किती टक्के झालं ते कळावं लागतं. इथे आल्यावरही त्या फोनवर आधी टक्केवारी विचारायच्या, मग माणसांची तब्येत. लेकीच्या हाताखाली एक धरण आहे म्हटल्यावर त्यांनी साहजिकच विचारलं, "तुझं किती टक्के आहे?"

"शून्य," बायको म्हणाली. "आणि शून्यच राहू दे."

नंतर सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, हिची नोकरी पक्की आहे ना हो?"

मग एका दुपारी डोंगर काळे झाले. आमच्या अंगणात जेमतेम शिंतोडे पडले, पण वर काय कोसळलं असेल ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. भरावाच्या पलीकडे पाणीच पाणी. बायको उजाडायच्या आत घराबाहेर पडली होती. इकडे आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर उत्सव सुरू झाला. 'धरण भरलं!' फोटो, अंगठे, हात जोडलेले. कोणीतरी लिहिलं, 'यार, अगदी खडकवासला फील.' पुढच्या गल्लीत मुलाकडे राहणारे एक काका आहेत, ग्रुपवर सर्वांत आधी जागे होणारे. त्यांनी जलपूजनाची वेळच जाहीर करून टाकली. आपल्याकडे धरण भरलं म्हणजे वर्षाची काळजी मिटली. नेमकं तेच इथे उलटं असतं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर आमटीसकट सगळं ऐकून बसलो होतो.

सासूबाईंनी खण-नारळ काढला. "मला नेता का हो तेवढं?" म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मी गाडी भरावाच्या उताराला अगदी चिकटून लावली आणि हात धरून त्यांना वर नेलं. वर आठ-दहा ओळखीची तोंडं होतीच. एक बाई मुलाला सांगत होती, "बेटा, नमस्कार कर." मुलगा म्हणत होता, "बट व्हाय, इट्स सो डर्टी." खाली लालसर पाणी संथ पसरलं होतं, त्यात झुडपांचे शेंडे तेवढे वर. सासूबाईंचा चेहरा असा फुलला होता की मला उगाचच आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात नारिंगी जाकीट घातलेली एक बाई हात हलवत, जवळजवळ धावत आमच्याकडे आली. ती माझी बायको होती.

"आई, खाली उतर. आत्ता. एव्हरीबडी ऑफ द डॅम, प्लीज!"

"अगं, भरलेलं धरण बघायला आलोय," सासूबाई म्हणाल्या.

"भरलंय म्हणूनच उतरायचं."

नारळ हातातच राहिला. सगळे मुकाट्यानं उतरले. गाडीकडे जाताना मला दिसलं, भरावाच्या पायथ्याशी, आमच्या कुंपणाच्या अगदी समोर, जमीन ओली होती आणि बोटाएवढी धार वाहत होती. बायकोच्या खात्यातली दोन माणसं त्या धारेकडे टक लावून उभी होती. एकानं काचेच्या बरणीत पाणी घेतलं आणि उजेडात धरून पाहिलं.

मी तिला गाठलं. "हे काय आहे?"

"पाझर. नितळ आहे तोवर प्रॉब्लेम नाही. गढूळ यायला लागलं तर माती वाहून जातेय असा अर्थ."

"मग आम्ही बॅगा भरू का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "सगळ्यांना निघायचा मेसेज जाईल तेव्हा तुलाही येईल."

"अगं, मी नवरा आहे तुझा. ही तुझी आई आहे."

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच तुला आधी सांगू शकत नाही. तू बॅग गाडीत टाकलीस की पाच मिनिटांत अख्खी गल्ली रस्त्यावर येईल." आणि पाठ फिरवून ती त्या धारेकडे गेली.

मला भयंकर राग आला. घरी येऊन मी दार आपटलं, मग फ्रीजचं दारही आपटलं. भीती वाटत होती हे कबूल करण्यापेक्षा रागावणं सोपं होतं. धरण आमच्या डोक्यावर, सासूबाईंना जिना चढवत नाही, आणि बायको त्या धारेशेजारी उभी. फुटलंच तर पहिली तीच सापडणार, हा विचार मनात आला आणि मी खुर्चीवर बसलो तो बसलोच. फोन वाजतच होता. 'वहिनी काय म्हणतात?' 'आतली बातमी काय?' 'हॉटेल बुक करू की कॅन्सल करू?' मी सगळ्यांना सांगत होतो, मला काही माहीत नाही. कोणाचाही विश्वास बसत नव्हता. माझाही बसला नसता.

सासूबाईंनी औषधांचा डबा पर्समध्ये टाकला आणि कुकर लावला.

"आई, आत्ता स्वयंपाक?"

"ती उपाशी येईल ना." मग वरण घोटताना त्यांनी विचारलं, "तिच्या जागी तुम्ही असता, तर सांगितलं असतं?"

"लगेच."

"म्हणून तुम्हाला तिथं उभं केलेलं नाही," त्या म्हणाल्या. इतक्या शांतपणे की मला चिडताही आलं नाही.

दुपारी खात्याचा मेसेज आला. पाण्याची पातळी उतरते आहे, देखरेख चालू आहे, रहिवाशांनी काहीही करण्याची गरज नाही. ग्रुपवर लगेच 'गरज नाही' म्हणजे नक्की काय यावर चर्चा झडली. सरकारी भाषेवर विश्वास न ठेवण्याचं शिक्षण आम्ही सगळे घरूनच घेऊन आलोय. दोघांनी पेट्रोल भरून ठेवल्याचं कळवलं. मीही हळूच गाडीची किल्ली खिशात टाकली.

ऊन कलायला लागल्यावर दार उघडलं. ती आत आली, गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल. तिनं ओट्याशी उभ्यानंच वरणभात खाल्ला, आईच्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकलं आणि हॉलमध्ये सोफ्यावर आडवी झाली. बूटसुद्धा काढले नाहीत. ते सासूबाईंनी काढले. वर पंखा फिरत होता. मागच्या खिडकीतून भराव दिसत होता.

माझी बायको गॅसचा कॉक बंद आहे का हे बघायला अंथरुणातून उठते. गाडी लॉक केली का, म्हणून पार्किंगमधून परत फिरते. शेजाऱ्याचा नळ गळत असला तरी हिला डुलकी लागत नाही. त्या भरावाकडे पाय करून ती गाढ झोपली होती. मी खिशातली किल्ली काढून खुंटीला लावली. छातीवरचं मणभर ओझं उतरलं आणि मला चक्क रडू आलं.

फोन वाजला. पुढच्या गल्लीतले काका.

"आली का ती? काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली, काका. झोपली."

"झोपली? कुठे?"

"इथेच. खाली, हॉलमध्ये."

"नक्की झोपलीय? की नुसती पडलीय?"

मी फोन तिच्या तोंडाजवळ नेला. ती घोरत होती. काकांनी ते नीट ऐकून घेतलं असावं, कारण बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज आला, तोही अगदी हळू, तिची झोप मोडू नये असा.

"बरं बरं. मग मी गाडीतले देव घरात आणतो."