बचावपटूचा सत्कार

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. फ्रिस्को, टेक्सास. सकाळी धुकं, दुपारी चांगलं ऊन. आन्याची सर्दी ओसरली. शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम झाला. मुलांचं नाटक फार लांबलं. शेजारच्या टिलमानचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मोरपंखी शाल मीच निवडली होती, त्याला शोभली. शंतनूने लगेच फोटो फेसबुकवर टाकले. जेवणात बासुंदी पातळ होती.

नीलांबरीकाकूंनी ही नोंद केली तेव्हा सगळं यथासांग पार पडलं असंच त्यांना वाटत होतं.

नवरा गेल्यावर त्या नागपूरहून लेक शंतनू आणि नात आन्या यांच्याकडे राहायला आल्या, त्याच सुमाराला शेजारच्या घरात हा उंच जर्मन भाडेकरू आला. टिलमान ग्रेवे. जवळच्याच एका फुटबॉल क्लबात तो बचावपटू होता. क्लब काही पहिल्या फळीतला नव्हता. सामन्याला निम्मं स्टेडियम रिकामंच असायचं. दुपारी सराव संपवून तो घरी यायचा आणि कुंपणापलीकडे पायरीवर गुडघा लांब करून बसायचा. काकू कुंडीतला कढीपत्ता खुडायला बाहेर आल्या की दोघांच्या गप्पा सुरू व्हायच्या. काकूंचं इंग्रजी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी घडवलेलं, त्याचं ड्रेसिंग रूममध्ये शिकलेलं, तरी जमायचं. मंडळातल्या लोकांचं ऐकून तोही त्यांना काकूच म्हणायला लागला.

अशाच गप्पांतून त्याची हकिगत काकूंना तुकड्यातुकड्याने कळली. जर्मनीच्या मधल्या भागात फरशांच्या कारखान्याचं एक गाव. लहानपणी टिलमान पुढे खेळायचा आणि गोल करायचा. एकदा मागे खेळणाऱ्या मुलाला कांजिण्या आल्या म्हणून प्रशिक्षकाने याला मागे उभं केलं. त्या दिवशी समोरच्यांना एकही गोल करता आला नाही. झालं, तिथून पुढे याला कुणी पुढे पाठवलंच नाही.

"मग तू तक्रार नाही केलीस?" काकूंनी विचारलं होतं.

"केली ना. प्रशिक्षक म्हणाले, गोल करायला कुणीही मिळतं."

पुढे दुसऱ्या श्रेणीत बरीच वर्षं गेली. एक हंगाम पहिल्या श्रेणीतही मिळाला, पण तो बहुतेक बाकावर बसण्यात गेला. तिकडची वर्तमानपत्रं दर सामन्यानंतर प्रत्येक खेळाडूला शाळेसारखे गुण देतात. एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे नापास. टिलमानला जवळजवळ नेहमीच तीन मिळायचे. चांगला खेळला तरी तीन, वाईट खेळला तरी तीन. काकू हसल्या होत्या. त्यांच्या प्रगतिपुस्तकावर सिस्टर दर वर्षी 'बरी' असाच शेरा द्यायच्या. मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, क्लब खालच्या श्रेणीत घसरला, बायको वेगळी झाली आणि टेक्सासहून बोलावणं आलं. आल्यावर त्याच गुडघ्याची पुन्हा एकदा शस्त्रक्रिया झाली.

शनिवारी सकाळी तो मंडळाच्या मुलांना बागेतल्या मैदानावर फुकट शिकवायचा. काकू घडीची खुर्ची टाकून बघत बसायच्या. आन्या मागे खेळायची, आणि तिला ते आवडायचंही. इतर पालकांचं मात्र तसं नव्हतं.

"कोच, आमच्या अमनला पुढे खेळवा ना," विक्रम दर आठवड्याला म्हणायचा. "मागे उभं राहून काय शिकणार तो?"

"मागे उभं राहिलं की सगळं मैदान दिसतं," टिलमान म्हणायचा.

"आम्हाला एखादा गोल दिसला तरी पुरे आहे यार!"

या फुकट शिकवण्याची काहीतरी परतफेड व्हायला हवी म्हणून मंडळाचा सेक्रेटरी असलेल्या शंतनूने सत्कार ठरवला. सत्कार म्हटल्यावर सगळं आलंच: हार, शाल, नारळ, उंच पाठीची खुर्ची आणि भाषण. भाषणात शंतनूने टिलमानच्या 'प्रदीर्घ कारकिर्दीचा' गौरव केला आणि फोटोखाली तेच इंग्रजीत लिहिलं. गळ्यात हार, अंगावर शाल, हातात नारळ आणि चेहऱ्यावर अवघडलेलं हसू, असा फोटो होता. मंडळातल्या कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

रविवारी सकाळी टिलमान मागच्या दाराने आला. एरवी तो बोलावल्याशिवाय येत नसे. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत तो धपकन बसला आणि त्याने फोन टेबलावर उलटा ठेवला.

"काकू, मी निवृत्त झालो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मलाही आत्ताच कळलं."

क्लबच्या चाहत्यांनी तो फोटो उचलला होता. हार घातलेला खेळाडू बघून त्यांनी त्याचा एकच अर्थ काढला. 'थँक यू, टिलमान' अशी पाटी लावून फोटो सगळीकडे फिरला, जर्मनीपर्यंत गेला. शंतनू धावत खाली आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"सॉरी, सॉरी! मी आत्ता डिलीट करतो. तुझा व्हिसा क्लबवर आहे ना? कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय ना अजून?"

"थांब," टिलमान म्हणाला. "मॅनेजरचा फोन येऊन गेला."

मॅनेजर त्याच्यावर रागावला नव्हता, उलट हळहळला होता. आम्हाला सांगितलं असतंस तर शेवटच्या सामन्यात निरोप दिला असता, म्हणाला. एका हंगामाचा करार तयार होता. हे खोटं असेल तर आज संध्याकाळपर्यंत कळव, उद्या सही करून टाकू.

"मग प्रश्नच मिटला!" शंतनू म्हणाला. "कॉल कर, मिसअंडरस्टँडिंग झालं म्हण. मी बोलू का? आमचं व्हिसाच्या रांगेत आयुष्य चाललंय यार, तुझा तर हातात आलाय."

काकूंनी शंतनूला डोळ्यांनीच वर जायला सांगितलं आणि चहा ठेवला. त्यांना आपला नवरा आठवला. वीज मंडळातून निवृत्त झाला तेव्हा त्यालाही अशीच शाल मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून तयार झाला आणि मग तसाच दिवाणावर बसून राहिला. सत्कार करताना हे कुणाच्या मनातही येत नाही. काल त्यांच्याही आलं नव्हतं.

"करारावर सही नाही केलीस, तर काय करशील?" त्यांनी विचारलं.

"गावी भावाचं फरशांचं दुकान आहे. त्याने माझ्यासाठी जागा ठेवलीय. लोकांना बाथरूमच्या फरशा दाखवायच्या." त्याने फोन सुलटा केला. "सकाळपासून निरोप येतायत, काकू. जुने सोबती, पहिले प्रशिक्षक, भाऊ. सगळे छान लिहितायत. छान खेळलास, आता आराम कर. मी एकेक वाचत गेलो. मला वाटलं, कुणीतरी विचारेल."

"काय?"

"इतक्यात कशाला, असं. कुणीच विचारलं नाही."

चहा कपात पडला. मग त्याने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्ही विचाराल?"

काकूंना विचारता आलं असतं. दोन शब्द तर होते, आणि ते ऐकायलाच हा माणूस मागच्या दाराने आला होता. तो गेला तर कुंपणापलीकडची पायरी रिकामी होईल, शनिवारची सकाळ जाईल आणि आन्या रडेल. या घरात दिवसभर त्यांच्याशी बसून बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी कप त्याच्याकडे सरकवला.

"माझ्या खिडकीतून तुझा जिना दिसतो," त्या म्हणाल्या. "तू रोज अंग तिरकं करून, कठडा धरून उतरतोस. मी तुझ्या दुप्पट वयाची आहे आणि मी सरळ उतरते."

टिलमानने डोळे मिटले. तो रागावेल असं काकूंना वाटलं. पण त्याचे खांदे खाली आले, वजन उतरवून ठेवलेल्या हमालासारखे.

"तीन दिलेत मला," तो म्हणाला.

"दोन. आन्याला मागे खेळायला आवडतं, म्हणून."

तो थोडासा हसला. चहा संपेपर्यंत तसाच बसून राहिला, मग तिथूनच त्याने मॅनेजरला फोन लावला. काकू सिंककडे तोंड करून भांडी विसळत राहिल्या, तरी त्यांना ऐकू आलं. "फोटो खरा आहे," तो म्हणाला. "आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, माफ करा." पलीकडचा माणूस फार वेळ बोलला नाही. फोन ठेवून टिलमान मागच्या दाराने गेला, पायऱ्यांवर एकेक पाऊल टेकत. आन्याला हे सावकाश सांग, असं शंतनूला सांगायचं काकूंनी ठरवलं आणि दुपारी थोड्या पडल्या. झोप लागली नाही.

संध्याकाळी त्यांनी डायरी उघडली. तारीख घातली, हवामान लिहिलं, टिलमानने क्लबला कळवल्याचं एका ओळीत लिहिलं. तो डिसेंबरात जाणार, हेही लिहिलं. त्यापुढे बराच वेळ पेन चाललं नाही. मग शेवटी लिहिलं: खालच्या बाथरूमचा नळ ठिबकत होता, शंतनूने वायसर बदलला.