गाडायचं पीक

देवळीच्या आमच्या शेतात नाल्याकाठचा एक तुकडा इतका खारट होता, की गाई तिथं चरायला नव्हे, माती चाटायला जात.

थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, अखेर सांगून टाकलं, "मास्तर, औंदा रबीत जवारी नाई आली, तं हा तुकडा विटाभट्टीवाल्याले देतो!"

"देऊन तं पाहा! आडवा पडीन मी!" मी गरजलो. (मी शाळेत भूगोल शिकवत असे. शेतीशी संबंध नकाशापुरता!)

ग्रामसेवकानं उपाय सांगितला. बांध घाला, पावसाचं पाणी साचवून खार नाल्यात धुऊन काढा, मग धैंचा पेरा. "अन फुलं आली का लगेच नांगरून गाडा. जमिनीले तेच खत!"

आणि धैंचा उगवला! जिथं गवताची काडी दिसत नव्हती, तिथं कमरेएवढं हिरवं रान! पिवळी फुलं आली तेव्हा माझे डोळेच भरून आले. अख्खा पाचवीचा वर्ग मी दाखवायला नेला. दृष्ट लागू नये म्हणून बांधावर काळं मडकं टांगलं. (गाडायच्या पिकाला!)

"गाडा नं आता," बायको म्हणाली.

"आज नागपंचमी हाये. नांगर धरत नाईत."

दहा दिवसांनी पुन्हा, "आता?"

"राखी हाये."

"राखीचा अन नांगराचा काय संबंध?"

"सणासुदीले जित्या झाडाले गाडू काय?"

पुढे पोळा आला. पोळ्याला बैल कोण जुंपतं?

शेवटी दादाच नांगर घेऊन आला. तोवर धैंचा डोक्यावर गेला होता आणि खोडं मनगटाएवढी झाली होती. बैल चार पावलं चालले आणि थांबले. पाचव्या पावलाला नांगर मोडला! धैंचा कुऱ्हाडीनं तोडावा लागला. ज्वारीचा हंगाम गेला, चुलीला मात्र वर्षभराचं जळण झालं.

"देतो भट्टीवाल्याले!" दादा ओरडला.

मी शेताच्या मधोमध बसकण मारली. "पयले मले भाजा, मंग विटा! एक वर्स अजून द्या!"

बायको डोक्यावरचा पदर पुढे ओढून मला म्हणाली, "सांगा त्यायले, पुढच्या साली मी पायते." माझ्या शब्दावर दादा हलला नसता, तिच्या शब्दावर मुकाट्यानं घरी गेला.

पुढच्या वर्षी फुलं दिसताच तिनं मला पुलगावला तिच्या माहेरी धाडलं. "आईची तब्येत बरी नाई म्हणते, जाऊन येजा." गेलो, तर सासूबाई अंगणात पापड लाटत होत्या! परत आलो तर शेत काळंभोर, सपाट. मी दोन दिवस बायकोशी बोललो नाही.

थंडीत तिथं छातीएवढी ज्वारी डोलत होती. भट्टीवाला बांधावरूनच परतला.

अजूनही कुणी विचारतं, "मास्तर, खारट जमीन सुधाराले काय लागते?" मी ताठ मानेनं सांगतो, "बांध लागते, पाणी लागते, धैंचा लागते. अन गाडायच्या दिवशी मालक सासुरवाडीले लागते!"