खेळण्याचा तर्जुमा

निजामाच्या राज्यात गेवराईच्या तहसील कचेरीत मी कारकून होतो तेव्हाची गोष्ट. आमचे तहसीलदारसाहेब हैदराबादचे. स्वभावानं वाईट नव्हते, पण कागद हातात आला की त्यांना दुसरं काही दिसत नसे. त्यांच्या सात वर्षांच्या लेकीला तिच्या मामानं मुंबईहून एक खोका पाठवला. आत भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, चाकं, बारके स्क्रू, आणि ते कसे जोडायचे हे सांगणारं छापील पुस्तक. पुस्तक इंग्रजीत. औरंगाबादेला चार वर्षं इंग्रजी शिकलेला कचेरीत मी एकटाच, म्हणून साहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं.

"मुन्शीजी, इसका तर्जुमा करो. साफ उर्दू में."

पहिलाच नमुना यारीचा होता, म्हणजे ओझं उचलायच्या यंत्राचा. चित्रात सगळं दिसत होतं. चित्र बघून लावलं तरी चालेल, असं मी भीतभीत सुचवलं.

"फिर लिखा काहे के वास्ते है?" साहेब म्हणाले.

मी तर्जुमा करून नेला. साहेबांनी तो लाल शाईनं तपासला. स्क्रूवर आवळायच्या चाकीला मी 'ढिबरी' लिहिलं होतं, कारण आमचा लोहार तेच म्हणतो. साहेबांना तो शब्द गावठी वाटला. यारीला 'जर्र-ए-सकील' म्हणायचं ठरलं, त्यात अख्खी संध्याकाळ गेली. चार दिवस मी कचेरीचं काम आटोपून बंगल्यावर जाई आणि खेळण्याची भाषा दुरुस्त करी. पोर रोज दाराशी येऊन विचारी, "अब्बा, आज खेलूँ?"

"तर्जुमा होने दो, बेटा."

घरी बायको म्हणाली, "लेकराचं खेळणं हाय न्हवं? मग कावून इतकं लिव्हायलेत तुमी?" मला तिचाच राग आला.

पाचव्या दिवशी जोडायला बसलो. मी वाचायचं, साहेबांनी लावायचं. एका जागी स्क्रू पट्टीच्या पाचव्या भोकात घाला, असं होतं. तसा घातला तर दोरी गुंडाळायचा दांडा फिरेना.

"तर्जुमा गलत है," साहेब म्हणाले.

मी मूळ पुस्तक दाखवलं. तिथंही पाचवंच भोक लिहिलेलं. चित्रात मात्र सरळ चौथं दिसत होतं. चूक छापणाऱ्याचीच होती, आणि मी तसं सांगितलं.

"छपी हुई चीज गलत कैसी होती?" असं म्हणून साहेबांनी तोच स्क्रू आणखी तीनदा पाचव्याच भोकात घातला.

मग ते नमाज पढायला आत गेले. मी घाईघाईनं स्क्रू काढून चौथ्या भोकात आवळला. परत येऊन त्यांनी दांडा फिरवला, आणि दोरीचा आकडा सरसर वर आला.

"देखा? ध्यान से लगाया तो हो गया."

मी "जी" म्हटलं.

साहेबांनी लेकीला हाक मारली. तिनं आकड्याला बाहुली लटकवली, दोनदा वरखाली केली आणि म्हणाली, "अब्बा, खोका मैं लेऊँ? गुड़िया को सुलाती." रिकामा खोका घेऊन ती आत गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही.

साहेबांनी यारी कपाटावर ठेवली आणि पुस्तकाचं पान उलटलं. पुढचा नमुना पुलाचा होता, आठ पानांचा.

"कल से ये लेंगे, मुन्शीजी."

मी पुस्तक काखेत मारलं आणि बाजाराच्या रस्त्यानं घरी निघालो. जेवायच्या आधीच पहिलं पान घेऊन बसलो. बायकोनं ताट झाकून ठेवलं.