बटाट्याच्या थराखाली

घटनेचा दिनांक: १९९८च्या दिवाळीआधीचा रविवार. जबाबदार: आमच्या कोपऱ्यावरील बेकरीचे मालक, आणि भांडे न तपासता घरी आणणारा मी.

आज आमच्या सूनबाईंच्या ओव्हनमधून लोणी-बटाट्याचा खरपूस वास आला आणि मला तो रविवार पुन्हा आठवला.

त्या काळी शिवाजी पेठेत ओव्हन कोणाकडे होता? नानकटाईप्रमाणे आमची चिकन पाईही बेकरीच्या भट्टीतच भाजली जाई. माझी पत्नी आणि शेजारची सून एकाच पाककलेच्या वर्गात ती शिकल्या होत्या. आमच्या भांड्यात खाली कोंबडी, त्या शाकाहारी घराच्या भांड्यात मटार-गाजर. वर मात्र कुस्करलेल्या बटाट्याचा तोच थर. नावाच्या चिठ्ठ्या जळू नयेत म्हणून मालक त्या काढून ठेवीत आणि नंतर अंदाजाने लावीत.

घरी मी चमचा खुपसला, तर खाली मटार निघाले. तसाच अनवाणी धावलो. शेजारच्या सुनेच्या सासूबाई, आक्का, सत्तरीच्या. लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, जन्मात अंड्यालाही न शिवलेल्या. त्यांच्या हातात ताट होते.

“आक्का, खाल्लंत? त्यात कोंबडी आहे!”

त्यांनी ताट हळूच खाली ठेवले. “न्हाई बा, अजून तोंडात घातलं न्हाई. पर देवाला दाखवून झालंय की. आता त्याला काय सांगू?”

घास टळला एवढ्यावरच मी तेव्हा सुटकेचा निःश्वास सोडला. आज भीती वाटते ती त्या प्रश्नाची. आक्का उत्तराविनाच गेल्या. माझ्या तीन पत्रांना मालकांनी उत्तर दिलेले नाही. आक्कांनी देवाला काय सांगायला हवे होते, ते मालकांनीच आता चार लोकांसमोर सांगावे.