कॉम्प्युटरवर बसवलेला पहारा

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो माझ्या कामासाठी. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, कधीमधी एखाद्याचं छोटं पुस्तक, असं मराठी टायपिंगचं काम मी परळीत घरी बसून करते. इथं औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचा त्रास. काम संपलं की कॉम्प्युटरवर जुनी सुती ओढणी टाकायची आणि सकाळी ती अंगणात झटकून काढायची, एवढीच त्याची निगा मला ठाऊक होती. व्हायरस-बियरस असतात हे मी ऐकून होते. विंडोजबरोबर जे काही संरक्षण फुकट येतं ते गपगुमान आपलं काम करायचं आणि मी माझं.

मग हे निवृत्त झाले. ह्यांची सगळी नोकरी इथल्या औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली. समोर भिंतभर दिवे आणि काटे, आणि त्यांच्यावर नजर ठेवून बसायचं. घरी आल्यावर नजर ठेवायला काही राहिलं नाही. काही दिवस त्यांनी पाण्याच्या टाकीवर ठेवली, मग गॅसच्या शेगडीवर, म्हणजे माझ्यावरच. अशातच त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका मित्राचा कॉम्प्युटर कुणीतरी लांबून कुलूपबंद केला. नातवाचे बारशापासूनचे फोटो त्यात होते. एकही फाईल उघडेना, आणि उघडून हवी असेल तर पैसे टाका, असा निरोप पडद्यावर. मित्र ह्यांच्यासमोर रडला. हे घरी आले ते तडक माझ्या कॉम्प्युटरपाशी.

"ह्याला काय बसवलंय?"

"जे आधीपासून हाय ते हाय."

"म्हंजी काईच न्हाई."

दुसऱ्या दिवशी हे बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले आणि एक खोकं घेऊन आले. खोक्यात होता एक कागद आणि कागदावर एक नंबर. दुकानदारानं सांगितलं होतं, काका, एकात सगळं हाय. व्हायरस पकडणार, चोर अडवणार, पासवर्ड सांभाळणार, कॅमेऱ्यावर लक्ष ठेवणार, वर कचरा काढून कॉम्प्युटर पळवणार. एक महिना वापरा, पसंत पडलं तर ठेवा. हे म्हणाले, "प्लांटमध्ये नवी मशीन आली की आधी ट्रायल घेतो आमी. मगच ताब्यात घेतो. ह्याची बी रीतसर ट्रायल घेऊ."

ट्रायल ह्यांची आणि मशीन माझी, हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

पहिल्या सकाळी ओढणी काढून बटण दाबलं आणि चहा टाकायला गेले. चहा झाला, पिऊन झाला, तरी पडद्यावर गोल फिरतच होतं. तो नवा पहारा आधी सगळी झडती घेणार आणि मग मला आत सोडणार. हे शेजारी खुर्ची टाकून बसले होते. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी ढाल आली आणि 'तुम्ही सुरक्षित आहात' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य उमटलं. ह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच बघितलं.

पण त्या ढालीला गप बसवत नव्हतं. मी पत्रिकेत नवरदेवाचं नाव टाकतेय की कोपऱ्यातून चौकट वर यायची. अमुक एक फाईल तपासली. ठीक आहे. तमुक प्रोग्राम इंटरनेटवर जाऊ बघतोय, जाऊ द्यायचं का? तमुक म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं आणि ह्यांनाही. हे म्हणायचे, "नको म्हण." मी नको म्हणायचे. मग प्रिंटर बंद पडायचा. पुन्हा ती चौकट शोधायची तर ती सापडायची नाही. रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल असतो, तर तिला आमच्याऐवजी काळोख दिसायला लागला, कारण कॅमेऱ्यावरच्या पहाऱ्यानं कॅमेराच झाकून टाकला. मुलगी तिकडून ओरडतेय, "आई, तुमचं तोंडच दिसंना," आणि हे खुशीत मला म्हणतायत, "बघ, कॅमेऱ्याचा भाग पास झाला."

पासवर्डची पेटी तर विचारूच नका. सगळे पासवर्ड तिच्यात घालायचे आणि तिचा एकच लक्षात ठेवायचा, अशी सोय. तो एक ह्यांनी इतका अवघड ठेवला की दोघांनाही आठवेना. आणि कचरा काढणाऱ्यानं पहिल्याच झाडूत माझ्या पत्रिकांचे नमुने असलेला फोल्डर 'बरेच दिवस न वापरलेला' म्हणून टाकून द्यायला काढला. मी वेळेवर बघितलं म्हणून वाचला. त्या दिवशी मी पहिल्यांदा आवाज चढवला. हे म्हणाले, "ट्रायल हाय. ट्रायलमध्ये व्हायचंच."

खरं बिनसलं ते गुरुजी आले त्या दिवशी.

हे गुरुजी दिंद्रुडकडचे. मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मले, शिकून शिक्षक झाले, निवृत्त झाले आणि मेंढ्या कशा पाळाव्यात यावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली. आपल्या माणसांना समजेल अशा भाषेत, मोठ्या अक्षरात छापायची, असा त्यांचा हट्ट. बहुतेक मजकूर मी टाइप केला होता. शेवटचं प्रकरण राहिलं होतं. ते समोर बसून करून घ्यावं, चुका तिथंच काढाव्यात, म्हणून ते सकाळच्या एसटीनं परळीला आले होते. दुपारच्या गाडीनं त्यांना परत जायचं होतं.

त्यांना पाणी दिलं, ओढणी काढली, झडती संपेपर्यंत गावाकडच्या गप्पा झाल्या. मग मी फाईल उघडली आणि गुरुजी वाचू लागले, "पावसाळ्याच्या तोंडावर..." मी बोटं चालवली. पडद्यावर भलतीच अक्षरं. एक काना, एक अर्धा ष, मग इंग्रजी कंस. पुसून पुन्हा मारलं. तेच.

थोडं समजावून सांगते. मी टाइप करते ते जुन्या पद्धतीचं मराठी. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लागतो. मी कुठली कळ दाबली ते तो बघतो आणि त्याजागी मराठी अक्षर बसवतो. पहाऱ्याच्या लेखी हा गुन्हा ठरला. जो दाबलेल्या कळा बघतो तो हेर, तो पासवर्ड चोरणारच. त्यानं रातोरात माझा प्रोग्राम उचलून आपल्या कोठडीत टाकला होता आणि वर लाल चौकटीत अभिनंदन केलं होतं, की धोकादायक हेर पकडला आहे.

ते वाचून हे खुर्चीवरून उठलेच. "आपल्या घरात हेर व्हता?"

"अहो, तो माझा मराठीचा प्रोग्राम हाय! लग्नाच्या सगळ्या पत्रिका त्याच्यावर झाल्यात."

"पण कळा बघत व्हता का न्हाई?"

"बघितल्याबिगर अक्षर कसं उमटवील?"

गुरुजी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते. "ताई, काई अडचण हाय का? मी बसतो. घाई न्हाई."

घाई कशी नव्हती? माणूस दुपारच्या गाडीचा. मी कोठडीतून प्रोग्राम सोडवला. पहाऱ्यानं विचारलं, नक्की? मी नक्की म्हटलं. तो बाहेर आला, मी दोन ओळी मारल्या, आणि तिसरीला पुन्हा आत गेला. त्याला अपवादाच्या यादीत घालायचं असतं म्हणे. ती यादी तीन-चार दारांच्या आत, आणि शेवटच्या दाराला पासवर्ड. तोच, जो दोघांनाही आठवत नव्हता.

मदतीच्या नंबरला फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक मुलगी हिंदीत बोलली. गोड बोलत होती, तिच्यावर राग काढता येईना. मी म्हटलं, हा हेर नाही, मराठी टायपिंग आहे. ती म्हणाली, मॅडम, तो प्रोग्राम ज्यांनी बनवला त्यांना आम्हाला कळवायला सांगा. मी म्हटलं, बनवणाऱ्याचं दुकान कधीच बंद झालं. मग ती म्हणाली, नवा घ्या. नवा घेतला तर जुन्या फाईली त्यात वाचता येत नाहीत, आणि नवी कळफलकाची रीत ह्या बोटांना यायला महिने जातील, हे मी तिला हिंदीत सांगत होते तेवढ्यात फोन तुटला. पुन्हा लावला तर पुन्हा संगीत.

गुरुजींना मी भाजी-भाकरी खाऊ घातली. ते जेवले आणि कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "ताई, तुमी निवांत करा. मला तुमच्यावर भरवसा हाय." आणि गाडीला गेले. त्यांची पाठ दिसेनाशी होईतो मी दारात उभी होते.

मग मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काढून टाका ते."

"ट्रायल संपू दे."

"माझं काम संपायची येळ आली, आन् तुमी ट्रायल संपायची वाट बघताव?"

"तू समजून घे. त्या दिवशी तो दोस्त माझ्यासमोर लेकरावानी रडत व्हता. आपल्या पोरीचे, तिच्या लग्नाचे फोटो ह्याच्यातच हायेत. अलार्म खोटा म्हणून सोडला आन् एकदा खरा निघाला, तर? मी जन्मभर बघितलंय ते."

मी म्हटलं, "एक सांगा. तुमच्या प्लांटमध्ये दिवसभर असले अलार्म वाजले असते, हे ठीक हाय, ते ठीक हाय, हा चोर, तो चोर, तर तुमी काय केलं असतं?"

  ते म्हणाले, "आधी अलार्म दुरुस्त करायला लावला असता. असल्या गलक्यात खरा अलार्म ऐकूच येत न्हाई."

"मग?"

"मग नापास." हे म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. माझी दुपार गेली होती आणि त्या माणसाची एसटीची खेप वाया गेली होती.

काढून टाकणं हा वेगळाच छळ. आम्ही काढतो म्हटलं की तो विचारायचा, तुम्ही असुरक्षित होणार, चालेल? चालेल. मग, आम्हाला का सोडताय? कारण निवडल्याशिवाय पुढचं बटण उजळेना. दिलेल्या कारणांत मराठीचं कारण नव्हतंच. शेवटी 'इतर' निवडलं तर खाली लिहायला जागा आली. ह्यांनी ती जागा मागून घेतली आणि एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी, मोठा निबंध लिहिला. मी म्हटलं कोण वाचणार हे? म्हणाले, "ट्रायल घेतली की रिपोर्ट द्यावा लागतो." कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू करून झाला तरी कोपऱ्यात ढालीचं चित्र राहिलंच. राखाडी, मेलेलं. अजूनही आहे. अधूनमधून त्याच्यातून चौकट वर येते, की परत या, सवलत आहे.

फोटोंचा प्रश्न होताच, आणि तो खोटा नव्हता, हे मलाही कबूल. म्हणून आम्ही सगळे फोटो आणि माझ्या फाईली एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. ती डिस्क कॉम्प्युटरला लावून ठेवायची नाही, कपाटात ठेवायची. उतरवायचं काम हे दर आठवड्याला करतात आणि त्यात त्यांचा अर्धा दिवस जातो. विंडोजचं जुनं संरक्षण पुन्हा चालू झालं. ते कधी दिसतही नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे सगळं विसरले असते. पण कोठडीतून सुटून आल्यावर माझा टायपिंगचा प्रोग्राम पूर्वीसारखा चालेना, आणि गुरुजींना मेंढपाळांच्या मेळाव्याआधी पुस्तिका हवी होती. शेवटी मी ते प्रकरण मोबाईलवर टाइप केलं आणि, मोबाईलची अक्षरं माझ्या जुन्या फाईलीत बसत नाहीत म्हणून, एका फुकटच्या साधनानं जुन्या अक्षरांत बदलून घेतलं. घाईत एकदाच वाचलं. छापून आल्यावर गुरुजी गठ्ठा घेऊन आले आणि पान उघडून माझ्यासमोर धरलं, हसत. जोडाक्षरातला अर्धा र जिथं जिथं होता तिथं तिथं उडाला होता. 'दुसऱ्या पावसाळ्यात'चं 'दुसया पावसाळ्यात' झालं होतं, 'शेतकऱ्यांचे'चं 'शेतकयांचे'. आणि मेंढ्यांच्या चाऱ्यात मीठ घालावं, या वाक्यात 'मेंढ्यांच्या चायात मीठ घालावे' असं मोठ्या, स्वच्छ अक्षरात छापलं होतं.

"ताई, आमची मेंढरं अजून चहा पीत न्हाईत," गुरुजी म्हणाले.

मला हसू आलं नाही. तोंडावर पदर धरून मी आत गेले. हसण्यावारी नेणं त्यांचा मोठेपणा होता, पण ते पान माझ्या हातचं होतं.

बाहेर आले तेव्हा हे ओसरीवर सतरंजी टाकून बसले होते. गठ्ठा सोडला होता. एक काळं पेन गुरुजींच्या हातात, एक ह्यांच्या. गुरुजी चुकीच्या शब्दावर बोट ठेवून दाखवत होते आणि हे खाली मान घालून, अगदी जपून, प्रत्येक 'चाया'त अर्धा र भरत होते. मला बघून म्हणाले, "चहा टाक जरा," आणि लगेच जीभ चावली. मी चहा टाकला. पण ते पान मी आजही उघडत नाही.